जळण्यासाठीच घातलेले तेल : रोटरी इंजिनाच्या वंगणाची निवड

नेहमीच्या मोटारीचे इंजिन तेल खाऊ लागले, म्हणजे डिपस्टिकवरची पातळी दर महिन्याला खाली उतरू लागली, की पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजून मालक गाडी मिस्त्रीकडे नेतो आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर ठरतो. रोटरी इंजिनाच्या मोटारीला हा नियम उलटा लागू होतो. तिच्यात थोडेथोडे तेल सतत जळत राहावे अशी मुळातच रचना आहे, आणि तेलाची पातळी हजारो किलोमीटर जागची हलली नाही तर ती निर्धास्त होण्याची गोष्ट नसून तपासणीचे कारण असते. त्यामुळे अशा मोटारीसाठी तेल निवडताना जो पेच उभा राहतो, तो इतर चारचाकींच्या मालकांपुढे सहसा येत नाही. बेअरिंगमध्ये टिकण्यासाठी तेल चिवट असावे, त्यात झीज रोखणारी आणि काजळी धुऊन काढणारी रसायने असावीत, आणि त्याच तेलाचा काही भाग ज्वलनकक्षात गेला की मात्र मागे काहीही न ठेवता जळून जावा. या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत, आणि रोटरी मोटारींच्या तेलाविषयी पन्नासहून अधिक वर्षे चाललेला वाद मुळात या विरोधातून निघालेला आहे.

जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू या कंपनीत चालू झाले, आणि हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले. या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नाही, झडपा नाहीत आणि त्या उघडणारा कॅमशाफ्टही नाही. किंचित फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर, मध्ये थोड्या चिमटलेल्या लंबगोलासारख्या कवचात फिरतो, आणि त्याच्या तीन बाजू व कवचाची भिंत यांच्यामध्ये तीन कक्ष तयार होतात. रोटर फिरेल तसा प्रत्येक कक्ष लहानमोठा होत जातो, आणि हवा-इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे कवचाच्या वेगवेगळ्या भागांत एकापाठोपाठ घडतात. रोटर ज्या उत्केंद्री दांड्यावर बसलेला असतो, तो रोटरच्या एका फेरीत तीन फेऱ्या घेतो. म्हणून माझ्दाच्या आरएक्स-८ या मोटारीत फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा ९,००० वर असतो, तेव्हा आतला रोटर मिनिटाला ३,००० फेऱ्याच करीत असतो.

कमी भाग, कमी वजन आणि आकाराच्या मानाने अधिक शक्ती हे या इंजिनाचे गुण विमानांनाही उपयोगी पडणारे आहेत. अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरमधील संस्थांच्या सहकार्याने ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन घडवले आणि २००९ साली त्याचे उड्डाण कोलारजवळ झाले. महाराष्ट्राचा या यंत्राशी असलेला हा संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो. मोटारींमध्ये मात्र ते दीर्घकाळ नेटाने चालवले ते जपानच्या माझ्दाने. १९६७ चा कॉस्मो स्पोर्ट, १९७८ पासून तीन पिढ्यांत निघालेली आरएक्स-७, २००३ ते २०१२ या काळातली आरएक्स-८ आणि अलीकडे, २०२३ साली, विजेच्या मोटारीत केवळ जनित्र फिरवण्यासाठी बसवलेले ८३० घनसेंटिमीटरचे एक-रोटरी इंजिन अशी ही परंपरा आहे.

तेलाचा प्रश्न समजून घ्यायचा तर रोटरच्या तीन टोकांकडे पाहावे लागते. प्रत्येक टोकाच्या खाचेत एक अरुंद पट्टी बसवलेली असते, जिला अपेक्स सील म्हणतात, आणि ती मागच्या स्प्रिंगच्या व वायूच्या दाबाने कवचाच्या भिंतीला चिकटून घसरत राहते. दोन कक्षांतला वायू एकमेकांत मिसळू न देण्याचे काम तिचे. पिस्टनच्या रिंगेच्या मानाने तिची स्थिती बिकट असते, कारण पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या खाली क्रँककेस असते आणि तिथून उडणारे तेल सिलिंडरची भिंत खालच्या बाजूने सतत ओली ठेवते. रोटरीत अशी मागची बाजू उरतच नाही; रोटरच्या तिन्ही अंगांना वायू, इंधन किंवा ज्वाला यांपैकी काहीतरी असते, आणि भिंतीचा जो भाग एका क्षणी पेटत्या वायूने भाजला, त्याच्यावरून पुढच्याच क्षणी पट्टी घासत जायची असते. तिथे तेल पोचवायचे तर ते ज्वलनकक्षात सोडण्यावाचून मार्ग नाही, आणि ज्वलनकक्षात सोडलेले तेल जळणारच.

सुरुवातीच्या इंजिनांना या पट्ट्यांनीच जेरीस आणले होते. १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतलेल्या माझ्दाच्या अभियंत्यांना कवचाच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठलेले दिसू लागले आणि त्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले. केनइची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने पट्टीची कंपने हे त्याचे कारण असल्याचे शोधले आणि कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी वापरून त्यावर उपाय केला. एनएसयूला तेवढा अवधी मिळाला नाही. १९६७ साली बाजारात आलेली तिची आरओ-८० ही मोटार तिच्या रचनेसाठी नावाजली गेली, पण लवकर झिजणाऱ्या पट्ट्यांमुळे हमीच्या काळात इंजिने बदलून देण्याचा खर्च वाढत गेला, आणि दहा वर्षांत सुमारे ३७,००० मोटारी निघून ते उत्पादन थांबले.

पट्ट्यांना तेल देण्यासाठी माझ्दाच्या इंजिनांत एक मापक पंप असतो, जो ऑइल चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठवलेले तेलच अगदी थोड्या मात्रेत उचलून कवचातल्या बारीक छिद्रांवाटे आत सोडतो. जुन्या मोटारींत ही मात्रा ॲक्सिलरेटरच्या दांडीशी जोडलेली असे. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती संगणकाच्या हाती गेली. आरएक्स-८ च्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक रोटरसाठी अशी दोन छिद्रे होती आणि ती कडांच्या बाजूला असल्याने पट्टीच्या मध्यभागी तेल कमी पोचे. २००९ च्या सुधारित आवृत्तीत माझ्दाने मध्ये तिसरे छिद्र दिले. ही सुधारणा बरेच काही सांगून जाते. मधल्या काळात अमेरिकेत कंपनीला आरएक्स-८ च्या इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. या मोटारीत दीड-दोन हजार किलोमीटरमागे लिटरभर तेल लागणे असामान्य मानले जात नाही, मात्र वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे हा आकडा बराच बदलतो.

पट्ट्या ओल्या ठेवणे हे तेलाचे एकच काम असते, तर निवड सोपी झाली असती. तेच तेल उत्केंद्री दांड्याच्या बेअरिंगांमध्ये दाबाने जाते आणि तिथे धातूला धातू लागू न देणारा थर टिकवून धरते. शिवाय दांड्यातल्या बारीक तोट्यांतून ते पोकळ रोटरच्या आतल्या बाजूवर उडवले जाते आणि ज्वलनाची उष्णता तिथून घेऊन पुढे बसवलेल्या ऑइल कूलरमध्ये सोडते. पिस्टन इंजिनात थंड करण्याचे काम बहुतांशी पाण्यावर असते, तर रोटरीत रोटर थंड ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे तेलावर पडते, आणि म्हणून तेल कमी पडले किंवा फार तापून पातळ झाले तर आधी रोटर व बेअरिंग यांना झळ पोचते.

डब्यावरचे आकडे इथे उपयोगी पडतात. एसएई या संस्थेच्या मानकात ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते, तेव्हा पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते राहील हे सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट असेल हे सांगतो. या दाटपणाला, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. १०० अंशांना वीस क्रमांकाच्या तेलाची श्यानता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, तिसाची ९.३ ते १२.५ आणि पन्नासाची १६.३ ते २१.९ असते. बेअरिंगच्या दृष्टीने याहून महत्त्वाची मोजणी १५० अंशांना, तेल जोराने घासले जात असताना केली जाते, आणि तिथे विसाच्या तेलाला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद, तिसाला २.९ आणि पन्नासाला ३.७ एवढे टिकावे लागते.

आता एकाच आरएक्स-८ साठी अमेरिकेतल्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-२० आणि युरोपात ५डब्ल्यू-३० सांगितले गेले, हे ध्यानात घ्यावे. इंजिन तेच, मग तेल वेगळे का? पातळ तेलाने घर्षण थोडे कमी होऊन इंधनाची बचत होते, आणि अमेरिकेत उत्पादकाला आपल्या साऱ्या मोटारींची सरासरी इंधनक्षमता कायद्याने सांभाळावी लागते. अनेक जाणकार दुरुस्तीकार उघडलेल्या इंजिनांतल्या झिजलेल्या बेअरिंगांचा संबंध या पातळ तेलाशी जोडतात, आणि १५० अंशांचे वरचे आकडे पाहता त्यांचा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. हमीची मुदत संपलेल्या मोटारीत विसाचे तेल घालत राहण्याचे सबळ कारण दिसत नाही. समशीतोष्ण हवेत ५डब्ल्यू-३०, आणि जिथे उन्हाळा कडक असतो किंवा मोटार जोराने चालवली जाते तिथे १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० ही समजूतदार निवड ठरते. जुन्या आरएक्स-७ च्या बाबतीत गरम प्रदेशात २०डब्ल्यू-५० पर्यंत जाण्याची रीत आहे, विशेषतः टर्बो असलेल्या मोटारींत. पण दाट म्हणजे चांगले असे सरसकट समजणे चूक आहे, कारण गारठलेले दाट तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते आणि इंजिन तापण्याआधी ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याच्या हातात तर ते निश्चित नुकसान करते.

रोटरीसाठी याहून महत्त्वाचा, पण डब्यावर दर्शनी बाजूला न छापलेला आकडा आहे तो सल्फेटेड राखेचा. तेल जाळून उरलेल्या अवशेषावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून जे वजन उरते, ते मूळ तेलाच्या किती टक्के आहे हे तो आकडा सांगतो, आणि उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पत्रकात तो बहुधा सापडतो. काजळी धुणारी कॅल्शियम व मॅग्नेशियमची संयुगे आणि झीज रोखणारी जस्ताची संयुगे यांच्यातले धातू जळत नाहीत. ते राख होऊन मागे राहतात. पेट्रोल मोटारींच्या नेहमीच्या तेलात ही राख साधारण ०.८ ते १ टक्का असते, तर जुन्या प्रकारच्या जड डिझेल तेलांत सव्वा-दीड टक्क्यांपर्यंत जाते. लिटरभर तेलाचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास धरले, तर १ टक्का राखेचे लिटरभर तेल जळताना सुमारे साडेआठ ग्रॅम राख तयार होते आणि दीड टक्क्याच्या तेलात तीच जवळपास तेरा ग्रॅम. यातली बरीचशी धुराबरोबर निघून जाते, पण उरलेली काजळीबरोबर सीलांच्या खाचांत घट्ट बसते, स्पार्क प्लगवर साचते आणि धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत जाते. आरएक्स-८ मध्ये धूर बाहेर जाण्याची दारे कवचाच्या परिघाऐवजी बाजूच्या भिंतींत नेल्यामुळे प्रदूषण घटले, पण काजळी व अवशेष बाहेर फेकले जाण्याची वाट अवघड झाली, म्हणून या मोटारीत कमी राखेचे तेल अधिकच अगत्याचे आहे.

इथे एका प्रचलित सल्ल्याचा समाचार घ्यावा लागतो. जुन्या मोटारींना जस्त अधिक असलेले तेल घालावे, असे जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मानले जाते आणि पिस्टन इंजिनांपुरते ते खरेही आहे, कारण कॅम आणि टॅपेट जिथे एकमेकांवर जोराने घासतात तिथे जस्ताच्या संयुगाचा थर कामी येतो. रोटरीत कॅमही नाहीत आणि टॅपेटही नाहीत. मग ज्या भागासाठी हे जस्त घालायचे तो भागच नसताना केवळ राखेची भर घालण्यात काय अर्थ आहे? ट्रकचे डिझेल तेल ‘अधिक दमदार’ म्हणून अशा मोटारीत ओतणेही याच कारणाने टाळावे. युरोपीय एसीईए मानकातील सी-३ वर्गाची तेले राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवतात आणि १५० अंशांना ३.५ मिलिपास्कल-सेकंद एवढी मजबुतीही राखतात, म्हणजे दोन्ही टोकांच्या अपेक्षा त्यांत बऱ्याच अंशी एकत्र येतात.

सिंथेटिक की खनिज, हा या क्षेत्रातला सर्वांत तापलेला वाद. खनिज तेल म्हणजे जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलाचे शुद्ध केलेले रूप, तर सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले असतात, त्यामुळे ते उष्णतेत अधिक टिकते आणि थंडीत अधिक वाहते. माझ्दाच्या अमेरिकी शाखेने दीर्घकाळ रोटरीसाठी सिंथेटिक तेलाची शिफारस करण्याचे टाळले. त्यामागची भीती दुहेरी होती : सुरुवातीची काही सिंथेटिक तेले रोटरच्या बाजूच्या ऑइल सीलांमधील रबरी कड्यांना मानवत नसत, आणि ती पूर्णपणे जळत नाहीत असाही समज होता. आज या भीतीला तेवढा आधार राहिलेला नाही. रबराची प्रतही बदलली आहे आणि तेलाची घडणही. इदेमित्सु ही जपानी कंपनी तर खास रोटरीसाठी बनवलेली तेले विकते. जळल्यानंतर काय उरते हे मूळ तेल कशापासून केले यापेक्षा त्यात कोणती रसायने किती मिसळली यावर अधिक ठरते, आणि म्हणून ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहून डबा उचलणे किंवा तोच पाहून तो खाली ठेवणे, दोन्ही सारखेच अपुरे आहे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-५० अशा फार रुंद पल्ल्याच्या तेलांत, गरम झाल्यावर दाटपणा टिकवणारी बहुवारिके, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू, जास्त घालावी लागतात. ती ताणाखाली तुटतात आणि जळताना डिंकासारखा थर ठेवू शकतात. पल्ला जितका अरुंद, तितकी त्यांची गरज कमी.

एकाच तेलावर दोन कामे लादण्यातून हा सारा पेच निर्माण होत असेल, तर दोन कामांसाठी दोन तेले का वापरू नयेत, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्या वाचकाच्या ओळखीचे आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या टू-स्ट्रोक बजाज चेतकच्या टाकीत पेट्रोलबरोबर जे टू-टी ऑइल घालावे लागे, ते जळण्यासाठीच बनवलेले असते. जपानी जासो मानकाच्या एफसी व एफडी प्रतींत त्याची राख ०.२५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. रोटरी मोटारींचे अनेक मालक हेच तेल पेट्रोलमध्ये मिसळतात. स्कूटरला लिटरमागे २० मिलिलिटर लागत असेल, तर इथे मापक पंप चालू असताना ५ मिलिलिटरच्या आसपास पुरते, आणि पंप काढून टाकलेला असेल तर आठ-दहा मिलिलिटर घ्यावे लागते. बोटींच्या इंजिनांचे टू-स्ट्रोक तेल मात्र कमी तापमानासाठी बनवलेले असल्याने इथे योग्य नाही. मापक पंपाला ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीतले स्वच्छ टू-टी तेल पुरवणारी जोडणीही मिळते, आणि ही कल्पना नवी नाही : १९७० च्या दशकातल्या सुझुकीच्या आरई-५ या रोटरी मोटरसायकलवर पट्ट्यांच्या तेलासाठी स्वतंत्र टाकी कारखान्यातूनच येत असे. ही व्यवस्था माझ्दाने मोटारींत आणली असती तर इंजिनाचे आयुष्य वाढले असते, असे म्हणायला जागा आहे. पण सामान्य ग्राहकाला दुसरी टाकी भरायला लावणे कंपनीला परवडले नसावे. पेट्रोलमध्ये तेल मिसळणाऱ्याने एक पथ्य कधीच सोडू नये : टाकीत तेल घालतो म्हणून चालू पंप बंद करू नये, कारण एखाद्या दिवशी मिसळायचे राहून गेले तर पट्ट्यांना वाली उरत नाही.

निवडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तेल बदलण्याला महत्त्व आहे. रोटरीत न जळलेले पेट्रोल सीलांना ओलांडून तेलात उतरते, विशेषतः थंड इंजिन चालू करून पाच मिनिटांत बंद केले जाते तेव्हा, आणि पेट्रोल मिसळलेले तेल आपल्या डब्यावरच्या आकड्याला जागत नाही. यात आणखी एक धोका दडलेला असतो : वर जळून गेलेल्या तेलाची जागा खाली उतरलेल्या पेट्रोलने घेतली, की डिपस्टिकवरची पातळी ठीक दिसते आणि प्रत्यक्षात चेंबरमध्ये पातळ मिश्रण फिरत असते. काडी हुंगून पाहणे, म्हणजे तिच्यावरच्या तेलाला पेट्रोलचा दर्प येतो का हे तपासणे, हा गॅरेजमधला जुना उपाय इथे आजही खरा ठरतो. म्हणूनच अनुभवी मंडळी दर ५,००० किलोमीटरला तेल बदलतात आणि मधल्या काळात दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना पातळी पाहतात. तेल काढताना कूलर आणि नळ्यांमध्ये जुने तेल बरेच अडकून राहते, त्यामुळे एका बदलात सगळे तेल नवे होत नाही. महागडे तेल फार दिवस चालवण्यापेक्षा मध्यम किमतीचे योग्य तेल वेळेवर बदलणे या इंजिनाला अधिक मानवते, ते यामुळेही.

माझ्दाच्या रोटरी मोटारी भारतात अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत, पण ऑस्ट्रेलिया, ब्रिटन किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी माणसाला जुनी आरएक्स-८ आवाक्यातल्या किमतीत सहज दिसते. आधीच्या मालकाने कोणते तेल घातले आणि पातळी किती वेळा पाहिली, हे अशा मोटारीच्या कागदांवरून क्वचितच कळते. त्याचा परिणाम कॉम्प्रेशनच्या, म्हणजे कक्षांत वायू किती दाबला जातो याच्या, तपासणीत कळतो. साधे गेज इथे निरुपयोगी आहे, कारण ते रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत जास्त दाबाचा एकच आकडा दाखवते. तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणारे रोटरीचे खास यंत्र वापरावे लागते. आरएक्स-८ साठी माझ्दाने मिनिटाला २५० फेऱ्यांना किमान ६८० किलोपास्कल दाब आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० किलोपास्कलपर्यंतचा फरक चालतो असे ठरवले आहे. तिन्ही आकडे सारखेच उतरलेले असतील तर झीज सर्वत्र झाली आहे असे समजावे. लगतचे दोन आकडे खाली आणि एक नीट असेल तर त्या दोन कक्षांमधली टोकाची पट्टी संशयित ठरते. आणि एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचे सील बहुधा काजळीने खाचेत अडकलेले असते, जे काही वेळा साफ होऊन मोकळे होते आणि तुटलेल्या पट्टीसारखे इंजिन उघडायला लावत नाही.